मापाची पँट

“औरतां का नाप मैं नै लेता, अम्मा,” बरकतपुऱ्यातले गफूर टेलर मान खाली घालून म्हणाले. “पुराना पँट लाके देव, वैसाच सी देतूं.”

“पुराना किदर से लावूं? पैलाच है,” पासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई म्हणाल्या.

शेजारी उभ्या मुलाला, सुधीरला, हायसं वाटलं. दोन महिन्यांपूर्वी आई सुनेच्या स्कूटरवरून पडली होती. त्यानंतर साडीत एका बाजूनं बसायचं नाही, अशी ताकीद त्यानंच दिली होती. त्यावर ती पँटचं काढील, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पंजाबी ड्रेस तिनं उडवून लावला, ओढणी चाकात जाते म्हणून. पण स्कूटरशिवाय तिचं अफझलगंजच्या बहिणीकडं जाणं होत नव्हतं. तिथल्या बोळात ऑटो शिरत नाही, आणि सावित्रीबाईंना चालून दम लागतो. बहीण अंथरुणाला खिळलेली. रोज फोन करून विचारायची, कधी येतीस?

“चल आई. लोक हसतील त्यापेक्षा बरं झालं.”

“लुगड्याला कासोटा होता तवर दोन पाय मोकळे होते माझे. सायकल चालवलीय मी. ही गोल साडी शहरात आल्यावर नेसले, तवा कोण हसलं?”

सुधीर दाराकडं वळला. सावित्रीबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“इसका नाप लेव, मियाँ. कमर मेरेजैसीच है. लंबाई चार इंच कम करो.”

गफूरमियाँचा चेहरा खुलला. बाकावरच्या दोन गिऱ्हाइकांनी पेपर बाजूला ठेवले. सुधीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ताकीद त्याचीच होती. त्यानं हात वर केले. कमर झाली, सीट झाली, लांबी झाली.

“गाडी पे बैठे तो तंग नै होना साब. जरा बैठ के बतातें क्या?”

सुधीरनं आईकडं पाहिलं. ती फक्त टेपकडं बघत होती.

“बस की,” ती म्हणाली.

गिऱ्हाइकं उठून बाजूला झाली. सुधीरनं बाकावरून पाय टाकला आणि दोन्हीकडं पाय सोडून बसला. गफूरमियाँनी मांडीवरून टेप फिरवला आणि आकडा लिहिला.

“इदर और ढीला रखो,” सुधीर म्हणाला. “अम्मा रोज पैनेंगे ना.”