रेघांचा नियम

“जवळ जा, अजून जवळ,” एर्मेते म्हणाला. “रेघा दिसतात?”

ओरियाना नाक चित्राला लागेल इतकी वाकली. मेरीच्या निळ्या वस्त्रावर केसासारख्या बारीक उभ्या रेघा होत्या. दोन पावलं मागे सरताच त्या विरून गेल्या. किती सुरेख काम!

“जे झडलं ते असं रेघांनी भरायचं. लांबून चित्र पूर्ण, जवळून कुणाची फसवणूक नाही. रेघा न ओढणाऱ्या दोघांना मी कामावरून हाकललंय.”

नवऱ्याचा हा ताठा ओरियानाला ठाऊक होता. त्याचा सारा जन्म जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करण्यात गेला. आता त्याची नजर चालली होती. हिवाळ्यापर्यंत पुरता अंधार, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून आज सकाळी सिएनाचं संग्रहालय आणि दुपारी मोंतेरावो गावातलं जुनं प्रार्थनाघर. लग्नाच्या आदल्या वर्षी तिथल्या कडेची नक्षी त्याने भरली होती. तेव्हापासून तिथल्या भिंतीवर रंगवलेल्या देवदूताला भेटायला तो दरवर्षी एकटाच जायचा. ओरियाना कधी गेली नाही. सवतीच्या घरी कोण जातं? यंदा मात्र त्याला हात धरायला कुणीतरी हवं होतं.

बसच्या खिडकीतून वारा आला तसे तिने केस डाव्या कानावर ओढून घेतले. लहानपणी कोंबड्याने त्या कानाच्या पाळीचा तुकडा तोडला होता, तेव्हापासूनची सवय.

“माझ्याकडे कधी असं जाऊन जाऊन बघितलंस का रे?” तिने विचारलंच.

“तू घरीच असतेस की.”

“हो, फ्रिजसुद्धा घरीच असतो!”

प्रार्थनाघरात राखणदार बाईने दिव्याच्या पेटीत नाणं टाकलं आणि दिवा लागला. ओरियानाचा राग तिथेच गळाला. काळवंडलेल्या भिंतीवर एकच चेहरा टवटवीत होता. मान वळवलेली, केस मागे सारलेले, हसू अगदी ओठांवर आलेलं. इतकं देखणं तिने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“सहाशे वर्षं!” बाई अभिमानाने म्हणाली. “सगळं झडलं, हा चेहरा तेवढा राहिला. मोठमोठे जाणकार येऊन गेले. एक रेघ सापडली नाही कुणाला.”

एर्मेते खाली मान घालून उभा होता.

“ओरियाना, मला नुसता धूर दिसतोय गं. नीट आहे ना? ओल नाही ना चढली?”

तिने त्याच्या गळ्यातली दुर्बीण काढून डोळ्यांना लावली. कपाळ शाबूत. गाल शाबूत. रेघा खरंच नव्हत्या.

मग दुर्बीण कानावर आली. डावी पाळी कोंबड्याने तोडलेली होती.