झऱ्याची जागा

आबासाहेबांच्या रानातल्या चिंचेखाली मेटाडोर उभी होती. दरवर्षी तिथं बिरू धनगराचं घोडं थांबायचं आणि त्यावरचं बिऱ्हाड उतरायचं. यंदा आबासाहेबांनी लांबूनच हात केला.

"चिंचंखाली पावणे हायेत. तुमी बांधाकडं उतरा."

बांधाकडं खडक होता आणि वारं होतं. बिरूला त्याचं काही वाटलं नाही. त्याला मेंढरं बसवायला ज्वारी निघालेलं रान हवं होतं, ते मिळालं. जाळी लावून त्यानं मेंढरं आत घेतली आणि पावण्यांची गाडी बघायला गेला. त्याची बायको कासाबाई घोड्यावरून भांडी, घोंगड्या, कोंबड्या एकटीच उतरवत राहिली.

पावणे पुण्याचे होते. दिनकरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी जुनी मेटाडोर घेऊन तिच्यात पलंग आणि स्वयंपाकाचा ओटा बसवला होता. आता नवराबायको जुनी देवळं बघत हिंडत होते. चारठाण्याची देवळं आजच बघून झाली होती.

बिरू परतला तो बोलतच. "आत फळ्या हायेत, त्याच्यावर डबे. गाडी कितीबी पळू दे, डबा हालत न्हाई. पंकाबी हाय. बाईला काईच उचलावं लागत न्हाई."

"मग तितंच ऱ्हायचं व्हतं," कासाबाई म्हणाली. चुलीसाठी दगड शोधून तिची बोटं खरचटली होती.

दिवस मावळायला पावणे स्वतःच बांधाकडं आले. दिनकररावांच्या बायकोनं, गीताबाईंनी, अंघोळ करून स्वच्छ साडी नेसली होती. साबणाचा वास चुलीपर्यंत आला. त्या घोंगडीवर बसल्या.

"उद्या निघायचंय आम्हाला. पुढे मुक्कामाला चांगली जागा कुठे आहे हो? पाणी हवं, सावली हवी, आणि कुणी येऊन उठवू नये. तुम्ही बारा महिने फिरता, तुम्हालाच विचारावं म्हटलं."

बिरू खुलला. मांडी घालून बसला.

"हाय की. जिंतूरच्या अंगाला डोंगरात झरा हाय. रस्त्यापस्तोर गाडी जाती. खाली सपाट खडक, सारवल्यावानी. वर रानआंबा. पानी चैतातबी गार. आन् सकाळी डोंगराआडून ऊन उशिरा येतंय, मानूस झोपूनच ऱ्हातंय." तो हसला. "लगीन झालं त्याच साली हिचा पाय मोडला व्हता. जुळंपस्तोर तितंच व्हतो आमी. मी भाकरी थापायचो. येक भाकर गोल आली असंल तर शपथ."

दिनकरराव हसले. गीताबाई तर डोळ्याला पदर लावून हसल्या.

कासाबाईचा भाकरीवरचा हात थांबला.

दर फाल्गुनात ती म्हणायची, यंदा झऱ्यावरून जाऊ. दर फाल्गुनात बिरू म्हणायचा, खडकावर मेंढरं काय खातील? लग्नानंतर बिऱ्हाड हललं नाही असे तेवढेच दिवस होते. ते तो विसरला, असं तिनं कधीच मनाशी धरून टाकलं होतं. आणि त्याला सगळं याद होतं. ऊन कुठून येतं ते, भाकरी कशी व्हायची ते. तिच्यापाशी कधी एक शब्द काढला नाही, आणि आता या बाईपुढं ओंजळी भरभरून ओतायला लागला होता. हिला पलंग होता, पंखा होता, न हलणारे डबे होते. आता तो खडकही हिचाच. उद्या तिथं ही उशिरापर्यंत झोपणार आणि पुण्याला जाऊन त्या वेड्यावाकड्या भाकरींची गोष्ट सांगणार.

"अहो, तिथेच जाऊ या," गीताबाई नवऱ्याला म्हणाल्या. "चार दिवस राहू."

"झरा आटलाय," कासाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"ग्यानबाची अंबाबाई सांगत व्हती. बिल्कुल ठाक पडलाय. हंडाभर पानी न्हाई."

बिरूनं तिच्याकडं पाहिलं. ग्यानबा त्याचा चुलतभाऊ. दिवाळीपासून त्यांची गाठ पडली नव्हती. त्यानं चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

"आसंल," तो म्हणाला. "आमी तिकडं लय सालं गेलोच न्हाई." मग जरा थांबून, "ताडकळसाला जावा. शाळंच्या मागं हापसा हाय, लिंबाची सावली हाय."

गीताबाई उठल्या. जाताना त्यांनी कासाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं बाई सांगितलंत. नाहीतर उगाच डोंगरात जाऊन बसलो असतो."

कासाबाईनं तव्यावरची भाकर उलटली. ती करपली होती.

सकाळी मेटाडोर वळली आणि ताडकळसाच्या वाटेनं गेली. धुरळा खाली बसेपर्यंत कासाबाई बघत होती. मग झपाझप भांडी आवरली. आज घोंगड्यांचं ओझं तिला जाणवलं नाही. बिरू घोड्याचा पट्टा आवळत होता. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आता आपुन तरी जाऊ झऱ्यावर," ती हळूच म्हणाली. "दोनच दिस. मेंढरास्नी मी पाला तोडून घालते."

बिरू पट्टा आवळतच राहिला.

"पानी असंल तितं," ती म्हणाली. "अंबाबाईचं बोलनं काय खरं धरता?"

बिरूनं गाठ मारली, ओढून बघितली. घोड्याचं तोंड झऱ्याच्या उलट, खाली पिंगळीच्या वाटेकडं फिरवलं. त्याचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

"काल तूच आटवलास की त्यो."