पंख्याची घरघर

सिनेमे आणि गेमसाठी स्वतः जुळवलेला कॉम्प्युटर तिने तिसऱ्यांदा उघडला आणि त्यात मोठा, सावकाश फिरणारा पंखा बसवला. लेकीच्या कानातलं ऐकण्याचं नवं यंत्र बोलण्याबरोबर आधीच्या पंख्याची घरघरही मोठी करायचं, मग पोर वैतागून यंत्रच काढून फेकायची.

"वहिनी, जिला ऐकूच येत नाही तिच्यासाठी बिनआवाजाचा कॉम्प्युटर?" दीर हसला. "नसता खटाटोप."

"हसा भाऊजी, खुशाल हसा. मी चौथ्यांदाही उघडेन."

सशाच्या गोष्टीचा सिनेमा सुरू झाला. तिचं लक्ष पडद्यावर नव्हतं, लेकीच्या हातावर होतं. हात कानाकडे गेला नाही. दीर पुन्हा काहीतरी बोलायला लागला, तसा तो हात वर उठला आणि बोट ओठांवर गेलं.

 

"काका, गप्प बसा ना. ससा कुजबुजतोय."