भिंतीखालचा माणूस

नाव वेळेआधीच परतली आणि नावेतलं कुणी बोलत नव्हतं. किनाऱ्यावर सायरागुल उठून उभी राहिली. तिची मुलगी अनारा पाणबुड्यांच्या काळ्या पोशाखात टोकाशी बसली होती. मांडीवर पसरट भांडं, त्यावर ओलं फडकं.

एरवी नाव लागायच्या आत हसणं ऐकू यायचं. इसिक-कुल सरोवराच्या तळाशी एक जुनं गाव आहे. अनारा आणि तिच्या सोबतचे लोक त्याच्या भिंती, चुली, रांजण शोधत. वस्तू असेल तिथेच ठेवून मोजत, तिचं चित्र काढत. क्वचितच एखादी वर आणत. "आमची पोरं मासे आणतात, तुझी गाडगी आणते," शेजारची झुयरा म्हणायची. सायरागुलही हसायची. गाडग्यांचं तिला भय नव्हतं.

याच पाण्यात तिचा मुलगा कुबान गेला होता. तेव्हा किनाऱ्यावर हॉटेलं नव्हती, जर्दाळूची झाडं पार पाण्यापर्यंत होती. त्या झाडांशी त्याची होडी उलटी येऊन लागली. तो आला नाही. "पोहत पलीकडे लागला असेल," ती म्हणाली, आणि तेच धरून बसली. दर गुरुवारी घरोघर मेलेल्यांच्या नावाने तेल तापवून बोर्सोक, म्हणजे मळलेल्या पिठाचे तुकडे, तळतात. तो वास त्यांना पोचतो. तीही आईबापांसाठी तळायची. कुणी कुबानचं नाव घेतलं, की तो मेलेला नाही म्हणत कढई खाली उतरवायची.

अनारा पाण्यातून चालत आली.

"काय आहे त्यात?"

"आपा, तू घरी चल," अनारा आईला म्हणाली.

"फडकं काढ."

"नाही काढायचं. वाळलं की तडकतं."

गाडगं असं तडकत नाही; म्हणजे हाड. सायरागुल वाळूवर बसली.

"तुझ्या भावाचं?"

"नाही गं."

"मग सगळे गप्प का?"

"तुला भिऊन." अनारा तिच्यासमोर टेकली. "खाली माझाही हात पुढे होईना. पण ते पडक्या भिंतीखाली होतं, आपा. आधी हा माणूस, त्याच्यावर भिंत, तिच्यावर गाळ. जे खाली ते आधीचं. हजार वर्षं तरी झाली असतील त्याला."

सायरागुलला हायसं वाटायला हवं होतं. ती फडक्याकडेच बघत राहिली.

"नाव काय त्याचं?"

"ते आम्हाला कधीच कळत नाही."

"त्याच्या आईनेही वाट बघितली असेल," सायरागुल हळूच म्हणाली. "मेला म्हणून मानलंच नसेल. तेव्हापासून कुणी तेल तापवलं नसेल त्याच्यासाठी."

सायरागुल हात टेकून उठली. झग्याची वाळू झटकली.

"घरी चल. पीठ मळायचंय."

"आज गुरुवार नाही, आपा."

"असू दे. जास्त मळ. त्या दोघांसाठी लागेल."