तिसरी ओळ

फिजिक्सच्या एक्केचाळीसपैकी चाळीस उत्तरपत्रिकांत तिसऱ्या ओळीवर आधी साइन लिहिलं होतं आणि मग ते खोडून कोसाइन केलं होतं. ही पेपर तपासणाऱ्या कर्णिकबाईंचीच जुनी सवय. त्यांच्या मेंदूतलं कौशल्य एका यंत्राच्या टोपीतून मुलांच्या डोक्यात उतरवलं होतं.

टोपी नाकारणाऱ्या एकट्या रुक्सानाच्या चार आकृत्या चुकल्या होत्या. पाचवी काढून तिने गणित सोडवलं होतं.

“हिला नापास करा,” निरीक्षक म्हणाले. “तज्ज्ञांची पद्धत नाही ही.”

“तज्ज्ञ मीच ना? मग ऐका, मी अशीच चुकत चुकत शिकले,” बाई कडाडल्या.

त्यांनी रुक्सानाला पैकीच्या पैकी गुण दिले. उरलेल्या चाळीस पेपरांचा गठ्ठा बांधला आणि वर लाल पेनाने लिहिलं, ‘परीक्षेला बसल्या कर्णिक. विद्यार्थी सगळे गैरहजर.’