फ्लेक्सवरची दुरुस्ती

फ्लेक्स छापण्याआधी मजकूर बायकोनं तपासायचा, हा आमच्या दुकानाचा नियम. आज पहिल्यांदाच मी कागद कीबोर्डखाली लपवला. तिनं शोधून काढलाच.

स्तनांच्या कॅन्सरच्या तपासणी शिबिराचा फ्लेक्स होता. ‘उभार जपा, बहार जपा!’ आणि खाली घट्ट कपड्यांतली तरुणी. तरुण मंडळाची पोरं या ओळीवर भलतीच खूश होती.

माझी मान वर होईना. गेल्या दिवाळीआधी हिचा डावा स्तन काढावा लागला. तेव्हापासून ती पदर लपेटूनच बसते.

“शुद्धलेखन बरोबर आहे,” ती म्हणाली. “बाकी सगळं चुकलंय.” लाल पेनानं ओळ खोडून तिनं खाली लिहिलं, ‘माझा एक स्तन काढला, म्हणून मी आहे. वेळेत तपासून घ्या.’

“अगं, पोरं काय म्हणतील?”

“त्यांच्याशी मी बोलते. त्या पोरीच्या जागी माझा फोटो टाका.”

मी लग्नातला फोटो शोधू लागलो. “तो नको, आत्ताचा काढा,” म्हणत तिनं पदर मोकळा सोडला.

पहिला फोटो हलला.

“अहो, हात स्थिर ठेवा,” ती हसली. “मी कुठे जात नाहीये.”