दिवसाचा दर

“म्हणजे गाडी सकाळपासून खुंटीला बांधून ठेवायची? ती काय म्हैस आहे?” तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि गणपतरावांकडे रोखून पाहिलं.

गणपतराव वीज खात्यातून रिटायर झालेले. देवासच्या त्या कॉलनीत कुणालाही नवा मीटर घ्यायचा असला, की आधी त्यांनाच बोलावणं जाई. ते शांतपणे म्हणाले, “पहले बात तो सुनो, तात्या. गाडी घरच्या मीटरवर चार्ज केली तर सगळ्या वेळी दर सारखाच. गाडीसाठी वेगळा मीटर घेतला, तर ऊन आहे तोवर वीज सस्ती, अंधार पडला की महाग. पीयूष रोज ड्यूटीला पार पीथमपूरला जातो-येतो. एवढी बॅटरी रोज भरायची, तर दिवसाचा दरच फायद्याचा.”

“मला नको तुमचा फायदा. रात्री भरा, घरच्या मीटरवर.”

तात्यांची सून नीरजा दारात उभी राहून ऐकत होती. बोलायचं ते तिने आदल्या दिवशीच गणपतरावांच्या घरी जाऊन बोलून ठेवलं होतं.

तिच्या नवऱ्याची, पीयूषची, ड्यूटी दुपारनंतर सुरू व्हायची. गाडी रात्री चार्ज झाली की सकाळी मोकळी; आणि गाडी मोकळी असली की तिची चावी तात्यांच्या हातात. नातीला, जान्हवीला, शाळेत सोडायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. उभा जन्म त्यांनी धार शहरात सरकारी जीप चालवली होती. साहेब बदलत गेले, ड्रायव्हर तोच राहिला. गाडीला कधी ओरखडा उठला नाही, हे ते पाहुण्यांना दोनदा तरी सांगायचे.

पण मागच्या आठवड्यात, लख्ख सकाळी, शाळेच्या वळणावर भाजीची हातगाडी त्यांना दिसलीच नाही. नीरजा शेजारी बसली होती. ती किंचाळली म्हणून ब्रेक लागला. भाजीवाली गाडीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली होती आणि मागच्या सीटवरची जान्हवी घाबरून रडायला लागली होती.

“या गाडीला आवाजच नाही ना,” तात्या म्हणाले, “लोकांना कळत नाही.” मग घर येईपर्यंत त्यांनी गाडी अगदी सावकाश चालवली.

त्या दिवसापासून नीरजा रोज सकाळी काही ना काही निमित्त काढून गाडीत बसायची आणि रस्त्यावरची नजर हलवायची नाही. पीयूषला सांगून उपयोग नव्हता. “तात्या, आता आराम करा, गाडी मी चालवतो,” एवढंच तो एकदा म्हणाला होता, तर तात्यांनी कितीतरी दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. ज्या माणसाने जन्मभर स्टिअरिंग धरलं, त्याला ते सोड म्हणून सांगायचं कुणी?

विजेचा दर मात्र सांगू शकत होता. त्यात कुणाचा मान जाणार नव्हता.

“आणि मला मधेच गाडीची गरज पडली तर?” तात्यांनी विचारलं.

“मधे काढलीत तर बॅटरी अर्धी राहील,” गणपतराव म्हणाले. “पीयूष येताना रस्त्यात अडकेल.”

“म्हणजे काढायचीच नाही.”

“नाहीच.”

“मग पोरीला शाळेत कोण सोडणार?”

“व्हॅन आहे ना शाळेची,” नीरजा पटकन म्हणाली. जरा जास्तच पटकन.

तात्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “व्हॅनवाला कसा आहे?”

“चांगला आहे, तात्या. सावकाश चालवतो.”

“दारं नीट लावून घेतो?”

“हो. स्वतः उतरून लावतो.”

तात्यांनी मोठा सुस्कारा सोडला. “करा, तुमच्या मनासारखं करा. या घरात माझं ऐकतंय कोण? पण हे माझ्या मनाविरुद्ध चाललंय, एवढं ध्यानात ठेवा.” खिशातून गाडीची चावी काढून त्यांनी ती टीव्हीशेजारी ठेवली आणि ते आतल्या खोलीत निघून गेले.

नीरजा क्षणभर चौकटीला टेकून उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिला छाती भरून श्वास घेता आला. उद्या सकाळी जान्हवी व्हॅनमधून जाईल. सासऱ्यांना कुणी म्हातारं म्हटलं नाही, कुणी आंधळं म्हटलं नाही. थोडे दिवस रुसतील, मग होईल सगळं ठीक.

गणपतरावांना पोचवायला ती फाटकापर्यंत गेली.

“काका, तुमचे फार उपकार झाले. तुम्ही बरोबर पटवलंत त्यांना. त्यांना जरासुद्धा शंका आली नाही.”

गणपतरावांनी मागे वळून आतल्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“बेटा, काल तू आलीस ना, त्याच्या आधीच तात्या माझ्याकडे येऊन गेले होते. म्हणाले, ‘भिया, पोरीला मागे बसवून चालवायची आता भीती वाटते. दिवसाचाच दर लावा, आणि सूनबाईसमोर मी कितीही भांडलो तरी माझं ऐकू नका.’”